निवृत्त घोडा पाणी पीत नाही

घोडा टेम्पोतून उतरला तेव्हा निम्मं गाव बघायला आलं होतं, आणि त्याचा काय उपयोग करायचा हे प्रत्येकजण घरूनच ठरवून आला होता. शेजारच्या आप्पांनी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, पुठ्ठ्यावर थाप मारली आणि विचारलं, "घाटाला पळंल का, शिस्टर?" आमच्याकडं बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात आणि तिथं बैलांच्या पुढं घोडी पळवतात, त्यामुळं आयाळ दिसली की आप्पांना घाट दिसतो. दुसऱ्या एकानं पुतण्याच्या वरातीची तारीखच सांगून टाकली. तिसऱ्याला साडेसातीसाठी पायातली नाल हवी होती. त्याला काळ्या घोड्याची लागते आणि आमचा निघाला तांबडा, तर तो माझ्यावरच चिडला.

सगळ्यांना मी एकच उत्तर दिलं. घोडा रिटायर आहे, त्याच्याकडून कसलंही काम करून घ्यायचं नाही, तसं लिहून दिलंय.

"कामच न्हाई? मंग दिसभर करनार काय त्यो?" आप्पांनी विचारलं.

"ह्यांच्यासारखं," मी म्हणाले.

हे म्हणजे माझे यजमान. रांजणगावच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ते ओट्यावर खुर्ची टाकून बसतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कंपनीच्या बस वेळेवर आहेत का ते बघतात. त्यांनी माझं बोलणं ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं. ही कला त्यांना निवृत्तीनंतर फार छान जमायला लागली आहे.

मी स्वतः एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. गाव मला अजून शिस्टरच म्हणतं, आणि मी घरात शिरले की लहान पोरं अजून दंड झाकून घेतात. माझी पहिली नेमणूक दौंडकडची. स्टेशनवर उतरायचं, मांडीवर लशीचा डबा घ्यायचा आणि टांग्यानं वस्त्या गाठायच्या. टांगेवाले मामा तेव्हा चाळिशीतले असतील. लस तापू नये म्हणून ते डब्यावर ओलं फडकं टाकायचे, आणि मी सुई काढली की तोंड फिरवून घोड्याला थोपटत उभे राहायचे. एवढा मिशाळ गडी, पण त्यांना सुई बघवत नसे.

तेव्हाचा घोडा वेगळा. हा नंतरचा. शिंगरू होता तेव्हा मामांनी आणला, मोठा केला आणि सोळा वर्षं जुंपला. तोवर दौंडला रिक्षा वाढल्या, मग घरोघरी दुचाकी आल्या. शेवटी स्टेशनबाहेर एकच टांगा उरला, आणि लोक त्यात बसायचे ते फोटो काढायला. फोटो झाला की उतरून रिक्षा करायचे. मामांचे गुडघे गेले, घोड्याचेही गेले, तेव्हा पुण्याची एक संस्था पुढं आली. अशा घोड्यांना कामातून सोडवायचं आणि चांगलं घर बघून द्यायचं, हे तिचं काम. घोडा कुणाकडं द्यावा असं संस्थेच्या मॅडमनी मामांना विचारलं. मामा म्हणाले, "शिस्टरकडं द्या. तितं यष्टी जाती."

त्यांची एवढीच अट होती. घोडा अशा ठिकाणी असावा, की एसटीनं जाऊन त्याला बघून येता येईल. आमची जमीन इनामगावच्या अलीकडं, रस्त्याला लागून, समोरच एसटीची शेड. म्हैस विकल्यापासून गोठाही रिकामा होता. मी मामांच्या देखत मॅडमना हो म्हटलं, आणि मामांना म्हटलं, कधीही या.

मग कागद आले. यजमान म्हणाले, "एका घोड्यापायी किती कागदी घोडे!" पण त्यांचा विनोद मी मनावर घेत नाही. कागदात चौदा कलमं होती. जुंपायचं नाही, स्वार व्हायचं नाही, वरातीत न्यायचं नाही, हे सगळं मला पटलं. अकरावं कलम असं होतं, की जुन्या मालकानं पहिलं वर्षभर प्राण्याला भेटू नये. त्यानं कष्टाच्या आठवणी जाग्या होतात आणि प्राणी नव्या आयुष्यात रुळत नाही. आणि शेवटचं असं, की प्राण्याची तब्येत ढासळली तर संस्था त्याला आपल्या मोठ्या केंद्रात हलवेल. ते केंद्र दुसऱ्या राज्यात होतं. तिथं डोंगर होते, कुरण होतं, घोड्यांचा दवाखाना होता, आणि ट्रकनं दोन दिवसांची वाट होती.

नियम म्हटला की मी पाळते. एकतीस वर्षं रजिस्टर भरण्यात गेली. मी मामांना फोन केला आणि अकरावं कलम वाचून दाखवलं. मग ते म्हणाले, "लिवलंच हाय म्हंजी पाळाया पायजे." किती समजूतदार माणूस, असं मी त्या दिवशी यजमानांना कौतुकानं सांगितलं. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

घोड्याला स्वातंत्र्य मिळालं, पण त्याचं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अर्धा एकर घास त्याच्यासाठी मोकळा सोडला होता. त्यात तो शिरेना. रस्त्याकडच्या फाटकाशी जायचा आणि दोन खांबांच्या मधोमध, टांग्याला जुंपल्यासारखा, सरळ उभा राहायचा. समोरून कंपनीची बस गेली की कान टवकारायचा. बसमधली उत्तरेकडची पोरं खिडकीतून ओरडायची, "चाचा, खाली है क्या?" यजमान ओट्यावरून हात हलवायचे. आपल्याला विचारलं असं त्यांना वाटत असावं. इनामगावच्या उत्खननातली साडेतीन हजार वर्षांपूर्वीची खापरं बघायला येत नाहीत इतकी माणसं आमचं फाटक बघायला यायला लागली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण घोडा पाणी पीत नव्हता. बादली पुढं ठेवली की नाक बुडवायचा, ओठ ओले करायचा आणि मान वर करून वाट बघायचा. कशाची ते कळत नव्हतं. पाणी नाही म्हणून खाणं नाही, आणि खाणं नाही म्हणून फासळ्या दिसायला लागल्या. संस्थेला दर आठवड्याला आनंदी घोड्याचा व्हिडिओ पाठवावा लागे. आम्ही त्याला उन्हात, बरगड्या दिसणार नाहीत अशा कोनात उभा करायचो. पलीकडून लाल बदाम यायचे.

मी रजिस्टर घातलं. किती बादल्या, किती वाजता, लीद कशी. दोन आठवड्यांत एक गोष्ट दिसली. मंगळवारी आणि शनिवारी घोडा दोन-दोन बादल्या पाणी पितो आणि पोटभर खातो. बाकी वार जवळजवळ कोरडे.

हे कळल्याबरोबर श्रेय घ्यायला सगळे पुढं आले. आप्पा म्हणाले, मंगळवार देवीचा आणि शनिवार मारुतीचा, मी त्याच्या नावानं नारळ बोललोय. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, माझी पावडर लागू पडली. संस्थेनं घोड्याला बासरी ऐकवायला सांगितलं होतं. मोबाइल दावणीला टांगून ती आम्ही रोज लावत होतो, तर संस्थेचे लोक म्हणाले, बासरीच. यजमानांचं म्हणणं, त्या दोन दिवशी ते स्वतः चारा टाकतात. मी पावडरीचा वार बदलून पाहिला, बासरी बंद केली, चारा मी टाकला. घोडा मंगळवार-शनिवार सोडायला तयार नाही. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं आमचं चाललं होतं, आणि हे मी, आयुष्यभर इंजेक्शनं देणारी, उघड्या डोळ्यांनी करत होते.

एका सोमवारी दुपारी घोडा गोठ्यात आडवा झाला आणि लोळायला लागला. पोट बांधलं होतं. डॉक्टरांनी नळी घातली, औषध सोडलं, दोन तासांनी घोडा उठला. मी ती नोंद जशीच्या तशी संस्थेला कळवली. मॅडमचा लगेच फोन आला. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "काळजी करू नका ताई, आम्ही शनिवारी येतो. ट्रक घेऊनच येतो."

मी डॉक्टरांना विचारलं, दोन दिवसांचा प्रवास झेपेल का? ते हात धूत होते. म्हणाले, "ह्या वयात, पाणी पीत नसताना, दोन दिवस ट्रकमध्ये..." आणि टॉवेल मागितला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मला न्हावऱ्याला बँकेत जायचं होतं म्हणून दहाच्या सुमाराला मी रस्ता ओलांडून समोरच्या शेडमध्ये गेले. आत, आमच्या ओट्यावरून दिसत नाही अशा कोपऱ्यातल्या बाकड्यावर टांगेवाले मामा बसले होते. टोपी, काठी, पायाशी पिशवी. तोंडाचा चंबू करून ते शीळ घालत होते. लांबट, घसरत जाणारी शीळ, पुन्हा पुन्हा, तीच. मी मागं वळून पाहिलं. आमच्या फाटकाच्या आत घोडा बादलीत तोंड घालून घटाघटा पाणी पीत होता.

मला बघून मामा दचकून उठले. "म्या आत आलो न्हाई, शिस्टर," ते म्हणाले. "ही शेड सरकारी हाय."

मी बाकड्यावर त्यांच्याशेजारी बसले. मग हळूहळू सगळं कळलं. मंगळवारी आणि शनिवारी त्यांना नातीला सांभाळायचं नसतं. पंच्याहत्तरी झाल्यानं एसटी फुकट. दौंडहून न्हावरा, न्हावऱ्याहून इथं, तासभर बसायचं आणि परत. घोडा फाटकाशी उभा राहायचा तो बसची नाही, मामांची वाट बघत.

"त्यो शिळेबिगर पानी पीत न्हाई," मामा म्हणाले. "टांग्याचा घोडा हाय. गाडी टेसनात लागायच्या आत हौदावर न्यायचं, शीळ घालायची, तवा त्यानं प्यायचं. शिंगरू व्हता तवापासनं तेच शिकिवलंय."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं?"

"तुमी इचारलं न्हाई. आन् मला वाटलं, कामाची सवय मोडायची आसंल तुमास्नी."

माझा राग उफाळून आला, आणि तो नेमका कुणावर आहे हे माहीत असल्यामुळं मला तो कुणावर काढता येईना. मी म्हटलं, मामा, चला आत. ते हलले नाहीत. "तुमीच तर फोनवर वाचून दावलं व्हतं. माझ्यापायी त्याला न्हेला म्हंजी?"

मी त्यांना ट्रकचं सांगितलं. डोंगराचं, कुरणाचं, दवाखान्याचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिकडं यष्टी न्हाई?"

शनिवारपर्यंतचे तीन दिवस आमच्या घरात शीळ घालण्याचा वर्ग चालला. त्या दिवसांत मामांना नातीला सोडून येता येत नव्हतं, आणि आमच्या मते शीळ ती काय, कुणीही घालेल. बाईमाणसानं शीळ घालू नये असं माझ्या आईनं मला ठणकावलं होतं, आणि तिचं जे थोडं मी ऐकलं त्यात नेमकं हे होतं. साठी उलटल्यावर मी बादलीपुढं उभी राहून ओठ काढले, तर नुसती हवा आली. यजमानांनी जोर लावला आणि त्यांची कवळी बादलीत पडली. आप्पांना बोलावलं. त्यांनी दोन बोटं तोंडात घालून घाटात घालतात तशी शीळ मारली. घोडा शेपटी उचलून घासातून पार बांधापर्यंत पळाला. आल्यापासून तो पहिल्यांदाच पळाला होता. यजमानांनी त्याचा व्हिडिओ काढून पाठवला आणि त्याला त्या महिन्यातले सर्वांत जास्त बदाम मिळाले.

शेवटी मामांना फोन करून त्यांची शीळ मोबाइलमध्ये घेतली आणि बादलीशेजारी वाजवली. घोड्यानं झटकन मान वर केली. मोबाइलकडं पाहिलं, मोबाइलच्या मागं पाहिलं, गोठ्याच्या दारापर्यंत जाऊन बाहेर पाहिलं. परत आला तो पाण्याकडं बघेना. मी ती शीळ पुन्हा लावली नाही. मला ते सहन झालं नाही.

शनिवारी मॅडम आपल्या गाडीतून आल्या, मागोमाग ट्रक. बाई मनानं खरंच चांगली. कितीतरी जनावरं तिनं वाचवलीत, आणि आमच्या घोड्याच्या फासळ्या बघून तिचे डोळे भरून आले ते खोटे नव्हते. ट्रक फाटकाबाहेर उभा राहिला, मागची फळी खाली टाकली, आत गवत अंथरलेलं होतं. मी त्यांना काही न बोलता फाटकाशी नेलं आणि समोर बघा म्हटलं. शेडमध्ये मामा आले होते. त्यांनी शीळ घातली. घोडा चालत बादलीशी आला आणि तळ दिसेपर्यंत प्याला.

मॅडमनी व्हिडिओ काढला. "किती सुंदर!" त्या म्हणाल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, आणि म्हटलं, अकरावं कलम खोडा, नाहीतर हा घोडा तुमच्या डोंगरापर्यंत पोचणार नाही. नियम त्यांच्या हातातला नव्हता, वरच्या समितीचा होता. मग त्यांना एक वाट सुचली. जुना मालक भेटू शकत नाही, पण स्वयंसेवक रोज भेटू शकतो. मामांना स्वयंसेवक करून टाकू. फॉर्म गाडीतच होता.

मामांना हाक मारली. ते रस्ता ओलांडून आले आणि फाटकाच्या बाहेरच उभे राहिले. घोड्यानं फाटकावरून मान काढून त्यांच्या खांद्यावर ठेवली, तशी ते पाऊलभर मागं सरकले आणि भीत भीत मॅडमकडं बघायला लागले. मॅडमनी गाडीच्या बॉनेटवर फॉर्म ठेवला. नाव, पत्ता, आधार. खाली एक घोषणा होती. मामांनी चष्मा लावून ती एकेका शब्दावर बोट ठेवून वाचली: मी माझ्या उदरनिर्वाहासाठी कोणत्याही प्राण्याकडून कधीही काम करून घेतलेले नाही.

"म्हंजी म्या कवाच टांगा हाकला न्हाई?"

"फक्त फॉर्मॅलिटी आहे, मामा," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांकडून घेतो आम्ही."

मामा म्हणाले, "सोळा वर्सं माझं घर चालिवलं ह्यानं. दोन पोरींची लग्नं ह्याच्या जिवावर झाली. मंडळी आजारी व्हती तवा रातच्याला दवाखान्यात ह्यानंच न्हेली. आन् आता ह्याच्या म्होरं उभा ऱ्हाऊन म्हनू, की ह्यो माझ्याकडं कामालाच नव्हता?"

ट्रकचा ड्रायव्हर फळीवर बसून तंबाखू मळत होता. सही करू नका मामा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, आणि करून टाका एकदाची, असंही. दोन्ही मी गिळलं. मामांनी ट्रककडं पाहिलं, आतल्या गवताकडं पाहिलं. मग टोपी काढून काखेत धरली, पेन घेतलं आणि बॉनेटवर वाकून सही केली. अक्षर वळणदार, शाळेत गिरवल्यासारखं. टोपी काही त्यांनी परत घातली नाही.

मॅडमनी साक्षीदाराच्या रकान्यावर बोट ठेवलं. एकतीस वर्षांत एका बाळाची खोटी नोंद मी केली नव्हती, आणि त्याचा मला किती ताठा होता ते गावाला विचारा. मी मामांच्या सहीखाली सही केली, तारीख घातली, वेळसुद्धा घातली.

फॉर्म पिशवीत गेला. ड्रायव्हरनं रिकाम्या ट्रकची फळी उचलून लावली. मॅडम सगळ्यांना हात जोडून गाडीत बसल्या. मामा अजून फाटकाच्या बाहेरच होते.

"शिस्टर," त्यांनी विचारलं, "आता आत यिऊ का?"